शिट्टीबाईचं मैदान

सायकलच्या दुकानात आलेल्या माणसाला आधी हवा मिळायची आणि मग बहिणीचं कौतुक. पंक्चर काढायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ सायकलवाला बोलायचा. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे शोधता शोधता त्याची गाडी सुरू व्हायची. "ती शिट्टी ऐकू येतेय ना, बागेतून? माझी धाकटी. आख्ख्या गावात पोरींना फुटबॉल शिकवणारी एकच बाई, आणि ती आमच्या घरातली!"

गिऱ्हाईक नवं असलं तर मान डोलवायचं. जुनं असलं तर म्हणायचं, "ठाऊक आहे हो दादा, जरा चेन बघा."

पण तो बोलायचा त्यात खोटं काही नव्हतं. सातवीत शाळा सोडून त्याने पाना हातात घेतला, तेव्हा धाकटी चेंडूमागे धावत होती. तिला कॅरिअरवर बसवून गावोगावच्या सामन्यांना त्यानेच नेलं. पुढे तिचा गुडघा गेला. दुसरी कोणी असती तर घरात बसून रडली असती. हिने गळ्यात शिट्टी अडकवली. दिवसभर लाँड्रीत इस्त्री करायची, आणि ऊन उतरलं की बागेतल्या मैदानावर लंगडत लंगडत पोरींना पळवायची. तिचं खरं नाव मतदार यादीतच राहिलं. गावाला ती शिट्टीबाई.

हे मैदान बागेच्या अगदी टोकाला. पुढे तारेचं कुंपण, कुंपणाला लागून उंचच्या उंच झाडांची रांग, आणि मागे टेकडीचा जंगलाचा उतार. कडेच्या त्या झाडांची सावली सगळी मैदानावर. आणि उताराची माती धरून ठेवली होती ती त्यांच्याच मुळांनी. ही झाडं गेली तर पहिल्याच मोठ्या पावसात टेकडी गोलपोस्टात येऊन बसणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. तरी ठेकेदाराला अख्खा उतार तोडायचा परवाना मिळाला, थेट कुंपणापर्यंत. गावाने अर्ज केले, हेलपाटे घातले. ऑफिसातला साहेब म्हणाला, "कुंपणाच्या आत तुमचं, बाहेर त्याचं. विषय संपला."

आणि मोटरच्या करवती सुरू झाल्या.

पहिल्याच संध्याकाळी गंमत झाली. एका पोरीने दुसरीला ढकललं, शिट्टीबाईने शिट्टी फुंकली, आणि वरच्या सगळ्या करवती एकदम गप्प. कोणाला काही कळेना. थोड्या वेळाने लाकूडतोड्यांचा मुकादम धापा टाकत कुंपणाशी आला.

"शिट्टी कोणी मारली?"

"मी. फाउल होता."

"फाउल?" मुकादमाने कपाळाला हात लावला. "बाई, आमच्यात शिट्टी म्हणजे कोणाच्या तरी जिवावर बेतलंय. ऐकली की जिथे आहात तिथे करवत बंद. मी एकेक माणूस डोळ्यांनी बघतो, मगच पुन्हा चालू."

शिट्टीबाईने माफी मागितली आणि पुढचा सगळा सराव टाळ्या वाजवून घेतला. पण रात्री जेवताना तिने ही गंमत भावाला सांगितली, आणि भावाच्या डोक्यात दिवा पेटला.

दुसऱ्या दिवशी तो खेळण्यांच्या दुकानातून शिट्ट्यांचा डबाच घेऊन आला. हवा भरली, शिट्टी फुकट. पंक्चर काढलं, शिट्टी फुकट. "माझ्या बहिणीची आयडिया!" असं तो छाती फुगवून सांगत होता. बहिणीला मात्र यातलं काही माहीत नव्हतं, ती लाँड्रीत शर्टांच्या कॉलरी दाबत होती. न्हाव्याने शिट्टी फुंकली, शिंप्याने फुंकली, बाकावर बसणाऱ्या आजीबाईंनी तर दम लागेपर्यंत फुंकली. करवत सुरू झाली की शिट्टी, शिट्टी झाली की करवत बंद. गाव खूश. सायकलवाल्याचे पाय जमिनीवर नव्हते.

दोन-तीन दिवस असं चाललं. मग वरची माणसं वैतागली. शिट्टी ऐकली तरी थांबेनाशी झाली. आणि एका दुपारी खरी शिट्टी वाजली.

कोणीच थांबलं नाही. एका लाकूडतोड्याच्या खांद्यावर फांदी कोसळली. फळीवर घालून त्याला बागेच्या फाटकातूनच खाली आणलं. फाटकासमोरच लाँड्री. शिट्टीबाई इस्त्री उभी करून बाहेर आली, तिने त्या माणसाचा पांढरा पडलेला चेहरा बघितला, आणि शिट्टी वाजूनही कोणी का थांबलं नाही, गावात शिट्ट्या कोणाच्या नावावर वाटल्या जातायत, हे सगळं फळी धरणाऱ्यांकडून ऐकलं. गळ्यातली शिट्टी काढली आणि तडक भावाच्या दुकानात.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती.

"दादा, डबा दे."

"कसला डबा?"

"वेड पांघरू नकोस. माझ्या नावावर वाटतोयस ना? दे."

"अगं, तुझ्या मैदानासाठीच करतोय! बघ, कामं कशी ठप्प केली."

"तो माणूस वाचला ते त्याचं नशीब. त्याच्या साथीदाराने जीव तोडून शिट्टी मारली, आणि सगळ्यांना वाटलं तुझंच कोणी गिऱ्हाईक फुंकतंय. मला झाडं हवीत दादा, पण कोणाच्या अंगावर पाडून नकोत. असं वाचवलेलं मैदान मला नकोच."

सायकलवाल्याने पाना खाली ठेवला. "मी मोठा आहे तुझ्यापेक्षा," एवढंच तो पुटपुटला.

"म्हणूनच पिशवी तू धर."

ती पुढे, तो पिशवी घेऊन मागे, असं दोघांनी घरोघर फिरून शिट्ट्या परत घेतल्या. न्हाव्याने कुरकुर केली. आजीबाईंनी तर शिट्टी पदरात लपवली होती, तीही काढून घेतली. मग शिट्टीबाई ती पिशवी घेऊन टेकडी चढली. दुखरा गुडघा, हाताला भाऊ.

मुकादम लाकडाच्या ओंडक्यावर बसला होता. "आता काय, ढोल आणलेत?"

"नाही. सगळ्या शिट्ट्या आणल्यात. माझीही आहे त्यात. यापुढे खालून एकही वाजणार नाही, माझा शब्द." तिने पिशवी त्याच्या पायाशी ठेवली. "तुमचा माणूस कसा आहे?"

"खांदा निखळलाय. होईल बरा." मुकादम जरा नरमला.

"एक विचारू? झाड पाडताना माणूस किती लांब लागतो?"

"झाडाच्या उंचीच्या दुप्पट. त्याच्या आत माणूस दिसला की करवतीला हात लावायचा नाही. प्रत्यक्ष मालक आला तरी नाही. आणि अंधारात झाड पाडायचंच नाही."

शिट्टीबाईने कुंपणाकडच्या झाडाचा शेंडा बघितला. मग तिची नजर मैदानावरून पलीकडच्या गोलपोस्टापर्यंत गेली, तिथून बाकांपर्यंत. मुकादमाची नजरही तिच्या मागोमाग गेली. त्याने दाढी खाजवली.

"बाई, हे तुम्ही मला विचारायला नको होतं."

"चोरून करायचं नाही, म्हणून तर विचारलं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच पोरी मैदानात. त्यांच्या मागून न्हाव्याची खुर्ची आली, शिंप्याचं मशीन आलं, आजीबाई विणकाम घेऊन आल्या. शिट्टीबाईने लाँड्रीच्या मालकिणीला पटवून इस्त्रीचं टेबलच सावलीत मांडलं. आणि सायकलवाला? बापाच्या मरणाचा दिवस सोडला तर ज्याने दुकान कधी बंद ठेवलं नाही, त्याने शटर ओढलं आणि पंप, घमेलं, पाने सगळं कॉर्नरच्या झेंड्यापाशी आणून मांडलं. ओरडा नाही, घोषणा नाहीत. माणसं दिसत होती, बस्स.

ठेकेदार गाडीतून उतरला तो तणतणतच. "बाजूला व्हा! माझ्याकडे परवाना आहे!"

"कुंपणाच्या बाहेरचा," शिट्टीबाई म्हणाली. "आम्ही आत आहोत. साहेबांनीच सांगितलंय, आत आमचं."

त्याने हवालदार बोलावला. हवालदाराने बाग बघितली, बागेची पाटी बघितली, आणि सायकलवाल्याकडून चाकात हवा भरून घेऊन निघून गेला. मग ठेकेदार मुकादमावर घसरला. मुकादम शांतपणे म्हणाला, "माणसं दिसतायत मालक. तुम्ही स्वतः करवत धरणार असाल तर धरा."

मालकाने धरली नाही.

वरचा उतार गेला. ते काही कोणाला वाचवता आलं नाही, आणि पहिल्यांदा तिकडे उघडं आकाश दिसलं तेव्हा शिट्टीबाई बराच वेळ पाठ फिरवून उभी होती. पण कडेची रांग उभी राहिली. ऊन झालं, पाऊस झाला, छत्र्या आल्या, पाळ्या लागल्या. शिट्टीविना ओरडून ओरडून शिट्टीबाईचा आवाज बसला, तर पोरी तिच्या नुसत्या हाताच्या इशाऱ्यावर खेळायला शिकल्या. परवान्याची मुदत संपेपर्यंत मैदान दिवसा एकदाही रिकामं पडलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी मुकादम कुंपणाशी आला. सोबत खांदा बांधलेला तो माणूस. मुकादमाने खिशातून तिचीच शिट्टी काढली.

"काम संपलं की आम्ही एक लांब शिट्टी मारतो, सगळ्यांनी खाली यावं म्हणून. या खेपेला तुम्ही मारा."

तिने भावाकडे बघितलं. भाऊ म्हणाला, "मार की! माझ्याकडे काय बघतेस?"

तिने श्वास पुरेल तोवर फुंकली. वर माणसांनी करवती खांद्यावर टाकल्या. खाली पोरींनीही खेळ थांबवला आणि त्या ओरडत तिच्या अंगावर येऊन पडल्या.

आता दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की सायकलवाला आधी त्या झाडांकडे बोट दाखवतो. सगळी कथा रंगवून सांगतो, डब्याचीसुद्धा. आणि शेवटी पंपावर रेलून म्हणतो, "मला, सख्ख्या मोठ्या भावाला, चार गिऱ्हाइकांसमोर झापलं तिने! आणि पिशवी धरायला लावली! आहे का तुमच्या घरात कोणी असं?"