पाच फाऊलांपुरती

कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये तिला सगळे स्पीडब्रेकर म्हणायचे. हे नाव सरांनी ठेवलेलं, आणि स्वतःच्या विनोदावर सगळ्यांच्या आधी हसायची सरांची सवय होती. समोरच्या टीममधली एखादी मुलगी भारी पडायला लागली की सर बाकाकडे न बघता नुसतं बोट हलवायचे. स्पीडब्रेकरने उठायचं, त्या मुलीच्या अंगाला चिकटायचं, तिने बॉल उचलला की तिच्या हातावर फटका मारायचा, तिचं डोकं फिरवून टाकायचं. पाच फाऊल झाले की नियमाने बाहेर. मग उरलेली मॅच टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचं. चांगल्या खेळाडूंचे फाऊल वाचावेत म्हणून सरांनी खर्ची घालायला ठेवलेली ही मुलगी होती.

खरं तर तिचा नेम अचूक होता. सरावात तिने लांबून मारलेला बॉल रिंगला न शिवता जाळीत पडायचा. ते बघायला सरांना चार वर्षांत सवड झाली नाही.

शेवटच्या वर्षी आई मॅच बघायला आली. आई दवाखान्यात नर्स होती. हातापाया पडून तिने रजा मिळवली आणि ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत येऊन बसली. मैदानात आपली लेक कोणती हे तिला नीट कळेपर्यंत लेक बाहेरही आली होती, आणि मागची पोरं हुर्यो करत होती. घरी जाताना आई म्हणाली, "ती मुलगी इतकं छान खेळत होती. तू तिला सारखी मारत का होतीस गं?"

लेकीने त्याच रस्त्यावर मनाशी ठरवलं, की सर म्हणवणाऱ्या या माणसाला त्याच्याच हॉलमध्ये, त्याच्याच माणसांसमोर धूळ चारायची. आयुष्यात बाकी जे व्हायचं ते होवो.

राग फार टिकत नाही असं सांगणारे लोक तिला भेटलेले नाहीत. तिने राग जपला, त्याला खाऊपिऊ घातलं, वाढवला. आधी एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. तिथलं ग्राउंड म्हणजे निव्वळ खडी, रिंगला जाळी नाही आणि बॉल असा गुळगुळीत की हातातून निसटायचा. तिथून कोचिंगची परीक्षा, मग एका लहानशा कॉलेजची टीम. सुट्टीच्या दिवशी सरांच्या टीमची मॅच असली की ही गॅलरीत सगळ्यात वर जाऊन बसायची. घरी तिची मोठी बहीण, ताई, वैतागायची.

"अगं, त्या माणसाला तुझं नावसुद्धा आठवत नसेल."

"मला त्याचं आठवतंय ना."

तिच्या टीममध्ये एक नियम होता. कोणतीही मुलगी नुसते फाऊल करायला मैदानात उतरणार नाही. नवीन मुलींना ती हे पहिल्याच दिवशी इतक्या कडक आवाजात सांगायची, की बिचाऱ्यांना वाटायचं आपलंच काहीतरी चुकलं.

आणि अखेर एका वर्षी फायनलला समोर सरांची टीम आली, तीही सरांच्याच हॉलमध्ये. बाहेरच्या भिंतीवर कप घेतलेल्या सरांचे फोटो ओळीने लावले होते. एका फोटोत मागच्या रांगेत हिचा अर्धा चेहरा होता, उरलेला कुणाच्या तरी खांद्याआड. तो फोटो तिने मुलींना दाखवला नाही.

सुरुवात चांगली झाली. मध्यंतरानंतर मात्र सरांच्या कॅप्टनने सूत्रं हातात घेतली. मुलगी नव्हती, वीज होती. हिच्या दोन्ही पक्क्या खेळाडूंचे तिला अडवताना चार-चार फाऊल झाले. आणखी एकेक झाला की दोघी बाहेर आणि मॅच हातची गेली. पलीकडे सर पाय लांब करून आरामात बसले होते. ते आरामात बसणं तिला सहन होईना.

तिने बाकाकडे पाहिलं. टोकाला, सगळ्याजणी जिला शिडी म्हणायच्या, ती मुलगी बसली होती. उंच, सडपातळ, अख्ख्या स्पर्धेत एकदाही न उतरलेली. सरावाला सगळ्यांच्या आधी येणारी ही मुलगी नाव घेताच उडी मारून उठली.

"मॅडम, कुठे खेळू? उजवीकडे?"

"कुठेच नाही. त्या कॅप्टनला चिकट. हात बॉलवर दिसला पाहिजे, अंग तिच्या अंगावर. नेम धरूच देऊ नकोस."

"फाऊल होतील."

"होऊ दे. त्यासाठीच पाठवतेय."

शिडीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते हिने पाहिलं, आणि तरी पाठवलं.

शिडीने सांगितलं तसं केलं. कॅप्टन आधी चिडली, मग रेफरीशी भांडली, मग तिचे साधे फ्री थ्रोसुद्धा चुकायला लागले. पाच फाऊल करून शिडी बाहेर आली तेव्हा गॅलरी तिला नको नको ते बोलत होती आणि मॅच फिरली होती. शिट्टी वाजली. हिची टीम जिंकली. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि हिला आनंद आवरेना. सरांचा पडलेला चेहरा तिने डोळे भरून पाहून घेतला.

सर हात मिळवायला आले. तोवर चेहरा सावरला होता. उलट खुशीत दिसत होते.

"वा. हा डाव माझा, बरं का. फार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी होती, हेच काम करायची. नाव काही आठवत नाही." मग तिच्याकडे निरखून म्हणाले, "तुम्ही कुणाकडे शिकलात?"

"तुमच्याकडेच," ती म्हणाली.

सर मोठ्याने हसले. त्यांना ते कौतुक वाटलं. तिचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला आणि पुढे गेले. कप हिच्या हातात होता आणि जिंकल्यासारखे चालत होते ते.

बसमध्ये मुली गात होत्या. शिडी एकटी खिडकीशी बसली होती. ही तिच्या शेजारी जाऊन बसली. माफी मागायचा विचार होता.

शिडीच आधी बोलली, खिडकीबाहेर बघत. "मॅडम, कोच व्हायला काय करावं लागतं?"

हा प्रश्न कुठून येतो हे हिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? तिने सगळं सांगितलं. परीक्षा कोणती, कुठे शिकायचं, सुरुवात शाळेपासून कर. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि माझ्या टीमशी गाठ पडली, तर शेवटी शेवटी वेग वाढव. मी दमलेल्या खेळाडूंना वेळेवर बाहेर काढत नाही."

"माहितेय," शिडी म्हणाली. "बाकावरून सगळं दिसतं."