शेंदराखालचं अक्षर

सेनगावच्या कॉलेजात मी जन्मभर प्राचीन इतिहास शिकवला. विद्यार्थी तो विषय सोपा जातो म्हणून घ्यायचे आणि मी नोकरी आहे म्हणून शिकवायचो. त्या पोलिश बाई आल्या नसत्या तर असाच निवृत्त झालो असतो. तसाच झालो असतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

बाई पोलंडमधल्या एका विद्यापीठात प्राचीन इतिहासाच्या प्राध्यापक होत्या. वडील ट्रामचे ड्रायव्हर. युद्धात बेचिराख झालेल्या शहरात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. शाळेत जाताना रोज विटांचे ढीग ओलांडावे लागत, असं सांगायच्या. ग्रीक आणि लॅटिन शिकल्या, रोमच्या व्यापारावर प्रबंध लिहिला आणि त्या व्यापाराच्या मागे मागे दख्खनपर्यंत येऊन पोचल्या. आपल्याकडच्या जुन्या शिलालेखांत दान देणारे 'यवन' भेटतात, म्हणजे समुद्रापलीकडून आलेले लोक. ते किनाऱ्यापासून किती आत शिरले होते, एवढ्या एका प्रश्नावर बाईंनी उभी हयात घालवली. ब्राह्मी शिकल्या, प्राकृत शिकल्या, लग्न केलं नाही, बढतीही उशिराच मिळाली. हे सगळं त्यांनी मला एसटीची वाट बघताना सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारलं म्हणून.

गोरेगावच्या पुढे एका खेड्यात, बांधावर एक कोरीव दगड पडला होता. म्हशी त्याला अंग घासायच्या. मीच बाईंना त्याबद्दल कळवलं होतं. आम्ही जीपने पोचलो तर शेताचा मालक दहा-बारा माणसं घेऊन उभा. आमच्या भागात दगडावर अक्षरं दिसली की लोकांना खाली गुप्तधन दिसायला लागतं.

"काहून आले सर? हंडा काढून राहिले का?" मालकाने विचारलं.

ब्राह्मी, सातवाहन, शिलालेख हे समजावत बसलो असतो तर संध्याकाळ तिथेच झाली असती. शिवाय माझा स्वभाव उतावळा. मी सरळ ठोकून दिलं, "न्हाई हो. बाई दर्शनाला आल्यात. त्यांच्या मुलखातल्या जुन्या पोथीत या देवाचं नाव हाय."

सगळ्यांचा नूरच बदलला. मालकाने पायातल्या चपला काढल्या. कुणीतरी हळदकुंकू आणायला पळालं. बाईंनी दगड धुतला, त्यावर ओला कागद चिकटवला, ब्रशने दाबून वरून शाई फिरवली आणि अक्षरांचा ठसा घेतला. लोकांना ती पूजाच वाटली. तेवढ्यात वारा सुटला आणि कागदाचा खालचा कोपरा फाटला. दुपारच्या उन्हामुळे फोटोतही तो कोपरा सपाटच आला. पुढच्या वर्षी येऊन पुन्हा घेऊ, असं आमचं ठरलं.

पुढच्या वर्षी त्यांना रजा मिळाली नाही, नंतर गुडघ्यांनी साथ सोडली. शेवटी होता त्या ठशावर त्यांनी लेख छापला. फाटक्या कोपऱ्यातला शब्द त्यांनी 'यवनस' असा वाचला, म्हणजे यवनाचं दान. समुद्रापासून इतक्या आत, आमच्या हिंगोलीकडे! काही वर्षांनी दुसऱ्या एका विद्वानाने लिहिलं की पहिलं अक्षर 'य' नाहीच, 'घ' आहे. ब्राह्मीत ही दोन अक्षरं झिजली की ओळखू येत नाहीत. बाईंनी स्वतःला हवं तेच वाचलं, असा त्याचा सूर होता. मग बाईंचा मेल आला. कॅन्सर झालाय, हातात वेळ कमी आहे, त्या एका अक्षराचा ठसा पाठवा.

मी गेलो. बांधावर पत्र्याचं देऊळ उभं होतं. आत दगड कसला, शेंदराचा नुसता गोळा, दोन बोटं जाड. 'इंग्रज बाईचा देव' म्हणून पंचक्रोशीत नाव झालं होतं. मालक माझ्या पाया पडला. कोपऱ्यातला थोडा शेंदूर खरवडू द्या म्हणालो तर हबकलाच.

"असं कसं बोलून राहिले तुमी, सर? देव आपल्या मनानं कवच सोडतो. तवाच."

शेंदराचे थर जड झाले की एक दिवस आपोआप सुटून पडतात. त्याला देवाने कवच सोडलं म्हणतात. मी बाईंना लिहिलं, थांबा. कॅन्सर झालेल्या माणसाला 'थांबा' लिहिताना माझी मलाच लाज वाटली. दर पंधरवड्याला जाऊन मी ते कवच बघायचो. देवळात कुणी नसताना दोनदा नखाने उकरूनही पाहिलं. नुसती बोटं लाल झाली.

दीड वर्षाने मालकाचा फोन आला. "सर, देवानं कवच सोडलं! मंगळवारीच." तो दिवस शुक्रवार होता. मिळेल त्या जीपने गेलो. कवच रिवाजाप्रमाणे वाजतगाजत कयाधू नदीत सोडलं होतं. देव खडबडीत दिसतो म्हणून कारागीर आणून दगडावर ग्राइंडर फिरवला होता, वर चांदीचे डोळे बसवले होते. मी हात फिरवून पाहिला. बोट कुठे अडत नव्हतं.

"नवल झालं सर," मालक म्हणाला. "कवचाच्या आतल्या अंगाला उलटी अक्षरं उमटली व्हती. एकदम बराबर. समद्यांनी पायली."

"फोटो काढला का कुणी?"

"सोडलेल्या कवचाचा फोटो काढत न्हाईत, सर."

बाईंच्या कागदापेक्षा चांगला ठसा त्या लोकांनी तीन दिवसांपूर्वी नदीत टाकला होता, आणि त्यांना बोलायला मला तोंड नव्हतं. तरी नदीवर गेलो. गुडघाभर चिखलात काठीने ढवळत राहिलो. काही सापडलं नाही.

बाईंना सगळं कळवलं, माझ्या थापेसकट. आठ दिवसांनी उत्तर आलं, चारच ओळींचं. 'दर्शन हा शब्द मला तेव्हाही कळत होता. मी तुम्हाला अडवलं नाही, कारण मला ठसा हवा होता. दगड आपण दोघांनी घालवला. मी लेख मागे घेतला आहे.'

दोन महिन्यांनी त्या गेल्या. त्यांच्या विद्यापीठाने त्यांच्या कामाची एक पानभर माहिती काढली. आमचा दगड त्यात नव्हता.

चैत्रात त्या देवाची यात्रा भरते. पहिला नारळ फोडायचा मान माझा, कारण देव गावाला मी दाखवला. यंदा उभं राहून खरं सांगून टाकायचं, असं दरवर्षी ठरवतो. लोक वाट करून देतात, लेकरांना माझ्या पाया पडायला पुढे करतात, आणि मी नारळ फोडून घरी येतो.