मॉनिटरला रेंज येईना

आमचा कॉम्प्युटर आयुष्यात एकदाच गच्चीवर गेला, आणि त्याच दिवशी माझ्या बहिणीच्या लग्नाची तारीख ठरली.

त्या काळी पुसेगावात मला लोक ‘कॉम्प्युटरवाले सर’ म्हणायचे. हिंगोलीला जाऊन तीन महिन्यांचा कोर्स केला होता, एवढंच माझं भांडवल. (त्यातला पहिला महिना माऊस धरायला शिकण्यात गेला, हे गावाला ठाऊक नव्हतं.) घरात एक जुना कॉम्प्युटर होता. त्याचा जाडजूड मॉनिटर एके दिवशी ‘फट्’ म्हणाला आणि गेला. मी हिंगोलीहून नवा आणला. चपटा, रुंद, खिडकीएवढा! जीपमधून येताना लेकरासारखा मांडीवर घेऊन बसलो होतो.

दुकानदारानं निघताना विचारलं होतं, “भैय्या, तुमच्या डब्यात ग्राफिक्स कार्ड जुनंच आहे ना? मॉनिटरला चित्र तेच पाठवतं. जरा तकलीफ देईल बरं.”

“आपण कोर्स केलाय!” मी म्हणालो.

इथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी डोंगरकड्याला फोन लावला. तिथं माझ्या धाकट्या बहिणीचं, वंदनाचं, सासर ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, लग्नाची तारीख धरायची बाकी होती, आणि ती काही केल्या धरली जात नव्हती. कारण एकच. साखरपुड्याच्या जेवणात आमच्याकडची एक आत्या नवऱ्या मुलाकडं बघून म्हणाली होती, “पोरगं गुणाचं हाय, पण लईच बारीक. वारं सुटलं की धरून ठेवावं लागंल!” हे तिनं हळूच म्हटलं होतं. पण आत्याचं हळूच म्हणजे चार पंगतींना ऐकू जाणारं! मुलाच्या आईनं ते ऐकलं आणि तेव्हापासून तोंड फिरवलं.

म्हणून मी फोनवर मुलाच्या आईला म्हणालो, “मामी, साखरपुड्याची सीडी आलीय. आमच्याकडं नवीन मॉनिटरवर बघायला या. टीव्ही झक मारंल असं दिसतं!”

दोघं नवरा-बायको खरंच आले. इवाई म्हणजे मुलाचे वडील, दिलखुलास माणूस. मामींनी मात्र पाण्याचा तांब्यासुद्धा दोन वेळा आग्रह केल्यावर घेतला. आमचे वडील, अप्पा, मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “लाईट हाय तोवर दाखवून टाक. मग तारखेचं मी बोलतो.”

सगळे समोर बसले. मी एखाद्या पुढाऱ्यासारखं बटण दाबलं. आधी अक्षरं आली, मग रंगीत चिन्ह आलं, मग सगळं काळं! काळ्याच्या मधोमध एक छोटी चौकट तरंगू लागली.

“काय लिवलंय?” अप्पांनी विचारलं.

“आउट ऑफ रेंज,” मी वाचलं.

“म्हंजी रेंज न्हाई!” अप्पा एकदम खूश झाले. कॉम्प्युटरमधलं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काहीतरी समजलं होतं. “मग घरात कशी येईल? मोबाईलला तरी येती का? वर टाकीपाशी न्या त्याला!”

“अप्पा, ही रेंज वेगळी असते.”

“काहून? रेंज काय दोन जातीची असती का?”

इवाईंनी मान डोलावली. “पाव्हण्यांचं बराबर हाय. आमच्या मोबाईलचंबी असंच हाय.”

मी तीनदा कॉम्प्युटर बंद-चालू केला, सगळ्या वायरी उपसून परत खोचल्या, मॉनिटरच्या पाठीवर थापट्या मारल्या. चौकट तरंगतच होती. मामी पदराशी चाळा करत म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. आमच्या पोराचं काही दाखवायचं म्हणलं की असंच व्हतं.” वंदना स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडं असं बघत होती, की त्या नजरेनं मॉनिटर काय, मीच बंद पडलो असतो!

शेवटी मी दुकानदाराला फोन करायला गच्चीवर धावलो. (हो, रेंज टाकीपाशीच यायची.) तो म्हणाला, “भैय्या, तुमचं जुनं कार्ड जुन्या मॉनिटरच्या वेगानंच चित्र फेकून राहिलंय. नव्याला तेवढा वेग झेपत नाही. चालू करताना एफ आठ दाबा, सेफ मोडमध्ये जा, आणि वेग कमी करा.”

फोन वर, कॉम्प्युटर खाली. मग मी माझ्या बायकोला, सुनीताला, जिन्यात उभं केलं आणि अप्पांना कॉम्प्युटरपुढं बसवलं.

“एफ आठ दाबा म्हणावं!” मी वरून ओरडलो.

“आठ दाबा म्हणत्यात!” सुनीता खाली ओरडली.

“दाबला! आता कवापस्तोर दाबू?” खालून अप्पा.

“सेफ मोड, सेफ मोड!” मी.

“सेप मोडा म्हणत्यात!” सुनीता.

मग अप्पांचा आवाज आला, “शेप? कुणाचं शेप मोडू?”

शेप म्हणजे आमच्याकडं शेपूट. आणि मग मला आठवलं, की माऊस म्हणजे उंदीर हे मीच अप्पांना मोठ्या कौतुकानं शिकवलं होतं! मी फोन कानाला धरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आलो, तोवर अप्पांनी माऊसची वायर मुठीला गुंडाळली होती आणि इवाई दुसऱ्या बाजूनं माऊस धरून बसले होते.

“उंदराचं शेप लई चिवट हाय,” अप्पा म्हणाले. “मोडंना.”

इकडं घरात आल्यामुळं फोन कट झाला होता.

“आता तरी ऐका माझं,” अप्पा उठले. “फोन खाली येत न्हाई ना? मग ह्यालाच वर न्या!”

आणि आश्चर्य म्हणजे या वेळी त्यांचं म्हणणं खरोखर बरोबर होतं! पुढच्या क्षणी आमची वरात निघाली. मी मॉनिटर घेतला. इवाईंनी, पाहुणे असून, कॉम्प्युटरचा डबा सोयाबीनच्या पोत्यासारखा खांद्यावर टाकला. सुनीतानं वायर खिडकीतून वर सोडली, आणि मामी, ज्या सकाळपासून हसल्या नव्हत्या, त्या कीबोर्ड पदरात धरून जिना चढल्या; त्यांच्या मागोमाग वंदना. गच्चीवर तुरीची डाळ वाळत घातली होती. ती बाजूला सारून मधोमध कॉम्प्युटर मांडला. शेजारच्या तीन गच्च्यांवर लोक जमले. कुणीतरी ओरडून विचारलं, “सर, इकायला काढला का?”

मी फोन लावला. दुकानदार सांगत गेला, मी दाबत गेलो. वेग कमी केला, बंद करून चालू केला. चौकट गेली! पडद्यावर मी कायमचा लावून ठेवलेला वंदनाचा फोटो आला! म्हणजे आला असावा, कारण उन्हात काहीच दिसत नव्हतं.

“बघा!” अप्पा शेजारच्या गच्चीकडं हात करून ओरडले. “रेंज आली!”

मी त्यांना समजावण्याचा नाद सोडला.

उन्हावर उपाय सुनीतानं काढला. तिनं मोठी गोधडी आणली, मॉनिटरवर टाकली, आणि आम्ही पाचही जण डोकी आत खुपसून बसलो. बाहेरून बघणाऱ्यांना गोधडीखालून निघालेल्या पाच पाठी दिसत होत्या. आत भट्टी होती. मी सीडी लावली.

आणि मी कपाळाला हात लावला. मॉनिटर रुंद, कार्ड जुनं. त्याला एवढं रुंद चित्र काढताच येत नव्हतं. ते बिचारं चौकोनी चित्र पाठवत होतं आणि मॉनिटर ते दोन्ही बाजूंनी ओढून ताणून बसवत होता. पडद्यावरचा प्रत्येक माणूस आडवा वाढला होता! भटजी गोल, पाट गोल, नारळ तर कलिंगडाएवढा.

“ही कोण वो जाडी?” सुनीतानं विचारलं.

“तू,” मी म्हणालो. गोधडीच्या अंधारात मला एक सणसणीत चिमटा बसला.

आता मामी स्वतःला बघणार, उठणार, आणि तारीख, लग्न, सगळं डोंगरकड्याला परत जाणार! मी डोळे अर्धवट मिटून घेतले. पडद्यावर मामी आल्या, गेल्या. काहीच झालं नाही. मग नवरा मुलगा आला.

“अगं बाई!” मामी ओरडल्या.

मी डोळे उघडले. जावईबापू पाटावर बसले होते. रुंद खांदे, भरलेले गाल, नुकता तालमीतून आलेला गडीच जणू! मामींनी स्वतःकडं बघितलंच नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष लेकराकडं होतं.

“कोण म्हणलं व्हतं माझं लेकरू बारीक हाय म्हून?” त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. “बघा म्हणावं येऊन! कसं भरल्यावानी दिसून राहिलंय!”

“मी तवाच म्हणलो व्हतो,” इवाई म्हणाले, “कापडं ढगळ शिवल्यामुळं बारीक दिसतंय ते.”

“व्हय, कापडाचाच दोष!” अप्पांनी लगेच री ओढली.

मामींनी तो तुकडा चार वेळा लावायला लावला. आम्ही घामानं निथळत होतो, पण गोधडी काढायची कुणाची टाप नव्हती. पाचव्यांदा बघून झाल्यावर त्या बाहेर आल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “वंदने, पाणी आण गं माय. आणि पाव्हणं, काढा आता पंचांग.”

तिथंच, डाळीच्या कडेला, तारीख ठरली. ती ठरली आणि लाईट गेली. जाईना का! इतक्या आनंदानं मी लाईट जाण्याचं स्वागत कधीच केलं नव्हतं. वंदना खाली पळाली आणि मी टाकीला टेकून मटकन बसलो.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर खाली आणला. मॉनिटरच्या कडेची बटणं चाचपताना मला चित्र मूळ मापात दाखवायची सोय सापडली. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि सगळी मंडळी आपापल्या अंगावर परतली. भटजी आटोपशीर झाले, नारळ नारळाएवढा झाला, सुनीता तर बघून लाजली.

तेवढ्यात पडद्यावर मी पेढ्याचं ताट घेऊन आलो.

सुनीता पुढं वाकली. एकदा पडद्याकडं, एकदा माझ्याकडं बघत म्हणाली, “अवो, सगळे बारीक झाले. तुमी काहून तसेच हाव?”

“माझ्या बाजूचं सेटिंग राहिलं असेल,” मी म्हणालो.

आणि कोर्स केलेला माणूस असल्यामुळं, संध्याकाळपर्यंत ते शोधत बसलो!