केशर फोटोवाली आणि बियाण्याची मुडी

रामनगरात कुणालाही विचारा, केशर फोटोवाली कुठं राहते म्हणून. लोक स्टँडामागच्या बोळाकडं बोट दाखवतील. पण ह्याच लोकांनी एके काळी तिला दारातनं परत पाठवलं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय मी पुढं जाणार नाही. शहाऐंशी साली तिचा नवरा यशवंत तापानं गेला. मागं राहिला एक कॅमेरा, एक फ्लॅश आणि फोटो धुवायची अंधारी खोली. यशवंतानं बायकोला सगळं काम शिकवलं होतं, आणि खरं सांगायचं तर हात तिचाच जास्त चांगला होता. पण लग्नाच्या मांडवात विधवा बाई कशी चालायची? शाळेच्या पोरांचे फोटो काढावेत आणि गप बसावं, असं गावाचं म्हणणं. गावाला काय, म्हणायला काही लागत नाही.

तिला मांडवात आणलं लखूनं. लखू डोंगरातला कुणबी, विठ्ठल नावाच्या शेतकऱ्याच्या घरी तीस वर्षं राबलेला गडी. शेत, गुरं, राखण, सगळं त्याच्याच अंगावर. त्यानं आपल्या लेकीच्या लग्नात केशरला फोटो काढायला बोलावलं. भावकी कुजबुजायला लागली तसा तो भर मांडवात म्हणाला, "ही चालत न्हाई म्हणता? मग मी बी जातो. लावा लगीन तुमीच." नवरीचा बापच उठून निघाला म्हटल्यावर कोण काय बोलणार! त्या लग्नाचे फोटो गावभर फिरले आणि केशरला बोलावणी यायला लागली. माझी चूल पेटते ती लखूमामाच्या पुण्याईनं, असं ती कुणी न विचारताही सांगते.

ब्याण्णव सालच्या वैशाखात त्याच लखूवर चोरीचा आळ आला.

विठ्ठलचं घर रामनगरच्या कडेला. त्यांचं मूळ गाव सुप्याच्या धरणात बुडालं, तेव्हा ही माणसं इथं येऊन वसली. पेरणीचं भात ते जुन्या रीतीनंच ठेवायचे, पेंढ्यात गच्च आवळून बांधलेल्या मुड्यांत, भोपळ्यासारख्या गोल. पायली-दोन पायलीच्या तेरा मुड्या पडवीत रचलेल्या होत्या. पंधरा दिवसांत त्यांतल्या सहा नाहीशा झाल्या. जनावर म्हणावं तर दातांच्या खुणा नाहीत, पाऊल नाही, भाताचा दाणा सांडलेला नाही. अख्खी मुडी उचलून नेलेली, म्हणजे माणूसच. आणि अंगणातल्या मांगरात, म्हणजे खोपटात, राखणीला झोपणारा लखू विचारलं की मान खाली घालायचा आणि म्हणायचा, "मला काय म्हाईत न्हाई." असं बोलणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? सोमवारी देवळापुढं चार माणसं बसणार होती. तोवर उलगडा झाला नाही, तर लखूनं बिऱ्हाड उचलायचं, असं ठरलं.

केशरला हे शुक्रवारी सकाळी कळलं. ती तशीच चपला घालून विठ्ठलकडं गेली. "भाऊ, सोमवारपातूर दम धरा. चोर कोन त्यो मी फोटोत दाखवते."

"रात्रीचं कोन बसनार फोटो काढत?" विठ्ठलनं विचारलं.

"कोनी बसायचं न्हाई. ज्याचा त्योच काढून घेईल."

तिनं काय केलं ऐका. कॅमेरा गोठ्याच्या आढ्याला बांधला. पडवीच्या पायरीपुढं घोट्याएवढ्या उंचीवर काळा दोरा ताणला आणि त्याचं टोक उंदराच्या सापळ्याला जोडलं. दोऱ्याला पाय लागला की सापळा फट्कन मिटायचा, कॅमेऱ्याचं बटण दाबलं जायचं आणि फ्लॅश उडायचा. रीळ पुढं सरकवायला कुणी नाही, म्हणून एका रात्रीला एकच फोटो. लखू गुरांना पेंढा घालता घालता हे सगळं बघत होता. "बाय, हे कशाला करतीस? ऱ्हाऊं दे की," तो म्हणाला. केशरला वाटलं, भिडस्त माणूस, आपल्यापायी कुणाला तरास नको म्हणतोय. ती म्हणाली, "मामा, तुमी गप ऱ्हावा," आणि गाठ आणखी घट्ट केली.

शनिवारी सकाळी तिनं रिळाचा तुकडा कापून धुतला. फोटोत नुसता पांढरा लोळ. माणूस आहे एवढं कळत होतं. बाई की बाप्या, तेही कळत नव्हतं. केशर धावत विठ्ठलकडं गेली आणि दारातच थबकली. समोरची भिंत ताज्या चुन्यानं लखलखत होती. विठ्ठलची बायको रुक्मिणी कौतुकानं म्हणाली, "घराचा फोटो निघनार म्हनून काल सांजच्याला चुन्यानं रंगवली, वैनी. बरी दिसती न्हवं?" आता ह्या बाईला काय बोलायचं! फोटो म्हणजे घर नटवायचं, एवढंच तिला ठाऊक. त्या चुन्यावर फ्लॅशचा उजेड आपटून सगळा फोटो पांढरा करून गेला होता. केशरनं तोंड गोड करून, भिंत फार छान झालीय म्हणून सांगितलं, आणि घरातली होती नव्हती तेवढी काळी घोंगडी मागून घेऊन त्या छान भिंतीवर टांगली.

रविवारचा फोटो राखाडी निघाला, डोळ्यांपुढं पडदा धरल्यासारखा. गोठ्यात डासांसाठी धुरी घातलेली आणि फ्लॅश कॅमेऱ्याला चिकटून, त्यामुळं उजेड पडला तो धुरावरच. केशरनं कपाळाला हात लावला. यशवंत जिवंत असता तर त्यानं धुरी आधीच विझवायला लावली असती, म्हणून स्वतःला चार शिव्या दिल्या. संध्याकाळी तिनं धुरी विझवून घेतली. लांब तार जोडून फ्लॅश दहा हात बाजूला, फणसाच्या खोडाला बांधला. कॅमेऱ्यापासून दोऱ्यापर्यंतचं अंतर सुतळीनं मोजून भिंगाच्या आकड्यांवर बसवलं. आता ह्यापेक्षा जास्त काही तिच्या हातात नव्हतं.

सोमवारी पहाटे तिनं कॅमेरा उतरवला, घरी आणला आणि अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायला घेतला. पाण्यात चेहरा उमटला तसं तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती अनुसया होती, विठ्ठलची आई. सत्तरी ओलांडलेली म्हातारी, डोक्यावर मुडी, एका हातानं तिला आधार, पदर कमरेला खोचलेला, आणि डोळे पुढं रस्त्याकडं लावलेले.

लखू सुटला म्हणून केशरचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तसा तो पडलाही, पण अर्धाच. ज्या म्हातारीला गावानं आयुष्यभर मान दिला तिला देवळापुढं चोर ठरवायचं? ती फोटो पुन्हा पुन्हा बघत बसली. म्हातारीमागं नुसता काळोख होता. पण निगेटिव्ह उजेडाला धरल्यावर त्या काळोखात तिला काहीतरी पुसट दिसलं. मग तिनं यशवंतानं शिकवलेली युक्ती केली. नवा कागद लावला, आणि मागच्या काळ्या भागावर उजेड कमी पडावा म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा मधे धरून हलवत राहिली. एकदा जमलं नाही. दुसऱ्यांदा कागद पाण्यात बुडवला, आणि म्हातारीच्या मागं, चार पावलांवर, लखू उमटला. खांद्यावर प्लॅस्टिकच्या कागदाची घडी. दोन्ही हात पुढं, म्हातारी पडली तर झेलायला.

केशर तो ओला फोटो घेऊन तडक विठ्ठलकडं गेली. त्याला एकट्याला परसात बोलावलं आणि दाखवला. विठ्ठलनं फोटो हातात घेतला. मग गोठ्याकडं गेला आणि लखूपुढं उभा राहिला. "लखू, आई मुड्या कुठं नेते?"

लखूनं फोटो बघितला आणि खालीच बसला. "टेकाडावर. आईला वाटतं, पानी चढाय लागलंय. जुन्या गावात नदीला पूर आलेला तवा तिनंच बियानं डोकीवरनं उंचावर नेलेलं, तुमी ल्हान व्हता. आडवली की घाबरती, रडती. म्हनून मी मागनं जातो. त्यो दिवा उडला की म्हनायची, वीज चमकली, लखू, पाऊस आला, बेगीन चल."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी दाराला कडी घातली असती, धनी. पानी आलं म्हनणाऱ्या माणसाला कोंडून ठिवायचं व्हय? पेरनीच्या आदी मी समदं खाली आनणारच व्हतो. आज जावं लागलं असतं, तर जायच्या आदी आनलं असतं."

तिघं टेकाडावर गेले. कुंब्याच्या झाडाखाली, ओल लागू नये म्हणून दगडांवर, नऊ मुड्या नीट रचून प्लॅस्टिकनं झाकलेल्या होत्या. एक दाणा भिजलेला नव्हता. विठ्ठलनं एक मुडी उचलून छातीशी धरली आणि लहान पोरासारखा रडला. मग खाली येऊन देवळापुढं जमलेल्या चार माणसांना सांगितलं, "बियानं मिळालं. माज्याच घरानं संबाळून ठेवलेलं. लखूनं त्याची राखण केली, आनि मी त्याला चोर म्हनलो." एवढं बोलून तो सगळ्यांदेखत लखूच्या पाया पडला. लखू नको नको म्हणत मागं सरला. आईचं नाव त्यात कुठंच आलं नाही. पेरणी होईपर्यंत विठ्ठल पडवीत आईशेजारी झोपला. दाराला कडी घातली नाही. आई उठली की मुडी तोच डोक्यावर घ्यायचा, आणि सकाळी खाली आणायचा.

त्या दिवशी सांजच्याला केशर दोरा सोडवायला गेली. लखू तिला तार गुंडाळून देत होता. सकाळपासून तिच्या मनात एकच गोष्ट खुपत होती, ती तिनं विचारली. "मामा, दोरा कुठं हाय ते तुमाला ठाऊक व्हतं. आईचं समदं उघडं पडनार व्हतं. तोडला का न्हाई?"

लखूनं तारेचं टोक नीट खोचलं आणि वेटोळं तिच्या हातात दिलं.

"तुजं काम बिघडलं असतं न्हवं, बाय," तो म्हणाला.