संपाच्या मशीनची सीट

आधी चहा घ्या, मग माझी फजिती ऐका. चाळीस वर्षं पलूसमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या माणसाची फजिती आहे, तेव्हा हसताना जरा बेतानं हसा. आणि मध्येच माझा आवाज बसला, तर मी चहाचा घोट घेतोय असं समजा.

संपत माझा शाळेपासूनचा दोस्त. आमचं गाव एकच, विट्याच्या अलीकडचं. मी पाना हातात घेऊन पलूसला आलो आणि तो सोनं गाळायच्या धंद्यात कोइमतूरला गेला. आमच्याकडची माणसं देशातल्या कुठल्याही सराफ गल्लीत सापडतात, त्यातलाच हा एक. दहा बाय दहाच्या खोलीत भट्टी, तेजाबाचा धूर आणि खिडकी नाही. तीस वर्षं.

मग परत आला, गावाबाहेर रानात बंगला बांधला आणि बंगल्यापुढं दीड एकर काय लावलं असेल? द्राक्षं? डाळिंब? ऊस?

गवत लावलं. नुसतं गवत.

आता आमच्याकडं गवत उपटायला रोजानं बायका लावतात. याने मुद्दाम लावलं, वर पाणी घातलं. सगळी पंचक्रोशी बघायला येऊन गेली. मीही म्हटलं, "संपा, डोकं फिरलंय का तुझं? म्हसरं तरी हायत का खायाला?"

तो म्हणाला, "दिन्या, तीस वर्सं डोळ्याम्होरं भट्टी बघिटली गड्या. आता वाईच हिरवं बघू दे की."

 

ते गवत कापायला पोरानं कोइमतूरहून मशीन पाठवलं. महेश त्याचं नाव, तिकडं तोच धंदा बघतो. बसून चालवायचं मशीन, लाल रंगाचं, ट्रॅक्टरचं धाकटं भावंड म्हणा. वर सीट, पुढं स्टिअरिंग, पोटाखाली दोन पाती. संपा त्यावर टोपी घालून बसायचा आणि दीड एकरात अशा फेऱ्या मारायचा की जणू गावचा शिवार त्याच्याच नावावर आहे.

आणि दर रविवारी सकाळी मला फोन. "दिन्या, मशीन कुरकुरतंय रं. येऊन जा की."

मी मोटारसायकलला पेटी बांधून निघायचो. तो मशीनवर बसलेला असायचा, मी खाली वाकायचो. तो वरून गप्पा मारणार, मी खालून आवाजाचा माग काढणार. पट्ट्याच्या कव्हरचा बोल्ट नाही तर पात्याच्या चाकाचा नट, काहीतरी ढिलं सापडायचंच. दहा नंबरचा पाना लावला की काम झालं.

"चालवतोस कसं रं? रान नांगरतोस काय ह्येनं?" मी दटावायचो.

"तुज्यासारका मिस्त्री असल्यावर मला काय काळजी?" तो म्हणायचा. मग व्हरांड्यात भाकरी, शेंगाची चटणी आणि दुपारपर्यंत बडबड. सहा वर्षं असं चाललं. सहा वर्षं मी मनात म्हणत होतो, हे मशीन चालतंय ते माझ्या हातामुळं.

भट्टीनं छाती आधीच खाल्लेली होती त्याची. एका हिवाळ्यात खोकला धरला तो सुटलाच नाही. त्यात तो गेला. त्या दिवसापासून रविवार माझ्या अंगावर येतो, हे सरळच सांगतो.

दहाव्याला आम्ही ओढ्याकाठी जमलो. पिंड ठेवला आणि सगळे बाजूला झालो. बाभळीवर चार कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. अर्धा तास गेला. महेश हात जोडून म्हणाला, "आबा, आईला मी सांभाळतो." कावळे ढिम्म. महेशच्या चुलत्यानं बांधाचा जुना वाद सोडला. कावळ्यांनी तिकडं पाहिलंही नाही. शालन वहिनी, म्हणजे संपाची बायको, पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मी न्हाई रडत आता, तुमी जावा." तरी नाही.

ऊन डोक्यावर आलं. लोक कुजबुजायला लागले. कुणीतरी मला पुढं ढकललं. मला काय सुचणार? मी म्हटलं, "संपा, मशीनची काळजी करू नगंस. मी चालू ठीवतो."

कावळा उतरला. सरळ पिंडाला शिवला.

सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. महेशचा चेहरा तर बघण्यासारखा झाला. बापाला आईची काळजी नाही, मशीनची आहे. पण माझी मान ताठ झाली हो. एवढ्या लोकांत मेलेल्या माणसानं माझ्यावर भरवसा टाकला होता. आता शब्द मोडायचा म्हणजे काय, तुम्हीच सांगा.

सुतक फिटल्यावर पहिल्याच रविवारी मी पेटी घेऊन गेलो. गवत घोट्याच्या वर आलेलं. मशीन शेडमध्ये होतं आणि सीटवर वहिनींनी संपाची टोपी आणि घडी घातलेला टॉवेल ठेवला होता. पुढं हळद-कुंकू लावलेलं.

"भावजी, त्येंच्या जागंवर वरीसभर कुणी बसायचं न्हाई," वहिनी म्हणाल्या. "तेवडं सोडून काय बी करा."

बरोबरच होतं. मी तरी बसलो असतो का? माझ्या पायांनी ऐकलं नसतं.

बाजूला उभं राहून चावी फिरवली. इंजिन एका फटक्यात लागलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, म्हटलं, आहे बाबा हा अजून. मग गिअर टाकला, वाकून हातानं पेडल दाबलं आणि ब्रेक सोडला.

घप्प. इंजिन बंद.

परत लावलं. लागलं. ब्रेक सोडला, घप्प. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. ब्रेक लावलेला असेपर्यंत गुरगुरतंय, हालायचं म्हटलं की मरतंय. मी निदान केलं. लोड घेत नाही, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. सोपं आहे.

त्या रविवारी कार्बोरेटर धुतला. पुढच्या रविवारी प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला. त्याच्या पुढच्या रविवारी टाकी उतरवून साफ केली, पेट्रोलची नळी नवी घातली. मग पट्टा नवा. बॅटरी नवी. पाती काढून अशी धार लावली की त्यांनी दाढी झाली असती. तरी ब्रेक सोडला की घप्प.

महेशनं कोइमतूरहून मोबाईलवर मशीनचं पुस्तक पाठवलं. सगळं इंग्रजी. पहिल्याच पानावर दोन चित्रं होती. एकात सीटवर माणूस बसलेला, त्याला बरोबरची खूण. दुसऱ्यात रिकामी सीट, त्यावर लाल फुली. मी म्हटलं, ही कंपनीची जाहिरात असणार, आणि सरळ कार्बोरेटरच्या पानावर गेलो.

हसा, हसा. अजून पुढं आहे.

गावात बातमी फिरली. संपतचं मशीन संपतबिगर हालत नाही. बघायला माणसं यायला लागली. मी ब्रेक सोडायचो, मशीन मरायचं, आणि शेडमध्ये उभी असलेली दहा-बारा माणसं एकदम हात जोडायची. एका म्हातारीनं बॉनेटवर नारळ ठेवला. वहिनींच्या भावकीतला एकजण मला कडेला घेऊन म्हणाला, "मिस्त्री, जीव अडकलाय त्येचा ह्यात. पान्यानं न्हाई सुटायचा."

मी त्याला हसलो. पण घरी जाताना वाटेत गाडी थांबवली आणि विचारात पडलो. आणि पुढच्या रविवारी शेडमध्ये कुणी नाही असं बघून त्या रिकाम्या सीटला म्हणालो, "संपा, काय चुकलं का रं माझं?"

चाळीस वर्षांचा मिस्त्री. टोपीशी बोलत होता.

तिकडं गवत गुडघ्याला लागलं. व्हरांड्यासमोर एकदा साप निघाला. वहिनी वाळत चालल्या होत्या. एक दिवस चहा देताना म्हणाल्या, "सपनात येत्यात. गवतात हुबं ऱ्हात्यात नि माज्याकडं बघत्यात. काय बोलत न्हाईत." मी कप तसाच खाली ठेवला. कावळ्यापुढं शब्द दिला होता मी, वहिनींनी नाही.

त्याच रविवारी मी हार मानली. मशीन गवताच्या कडेला ढकलत आणलं होतं, शेवटचा प्रयत्न म्हणून. इंजिन लावलं, गिअर टाकला. ब्रेक सोडायला हात जाईना. ते घप्प परत ऐकायची हिंमतच उरली नव्हती.

"वहिनी," मी म्हटलं, "मला जमत न्हाई. संपाचा मिस्त्री खोटा निघाला."

एवढं बोलून झालं. मागं जे काय होतं त्यावर बसलो आणि तोंड झाकून रडायला लागलो. साठी उलटलेला माणूस, वहिनींसमोर, हमसून हमसून. रडता रडता पाय ताणला, तो पेडलवर पडला, ब्रेक सुटला. पाय उचलला.

आणि मशीन निघालं.

होय. मी टोपीवर बसलो होतो. टोपी, टॉवेल, हळद-कुंकू, सगळ्यावर. मशीन मला घेऊन गुडघाभर गवतात शिरलं. स्टिअरिंगला माझा हात नव्हता. जास्वंदीच्या कुंपणातून गेलं, वाळत घातलेल्या कपड्यांतून गेलं, वहिनींचं एक लुगडं माझ्या डोक्यावर आलं. पुढचं दिसेना. म्हटलं, संपा न्यायला आला मला.

घाबरून मी उभा राहिलो. घप्प. मशीन बंद.

वहिनी धावत आल्या. लुगडं माझ्या डोक्यावरून काढलं. माझ्याकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, चपटी झालेली टोपी बघितली. मला वाटलं, आता ही बाई मला हाकलून देणार.

"भावजी, बसा," त्या म्हणाल्या.

"वहिनी, चुकलं माझं, मी मुद्दाम न्हाई..."

"बसा म्हंते न्हवं. आता लावा. सोडा ब्रेक."

मशीन हाललं.

"आता उटा."

घप्प.

"परत बसा."

असं चार वेळा उठबस करवली मला. शाळेनंतर पहिल्यांदाच. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "माणूस लागतंय ह्येला. बसलेलं."

मी सीट उचलली. खाली एक स्विच, अंगठ्याएवढा, दोन वायरी. वर वजन असेल तर मशीन चालायचं, माणूस पडला तर तिथंच थांबायचं, पाती पायावर जाऊ नयेत म्हणून. ट्रॅक्टरला असलं काही नसतं हो, त्यावर माणूस आहे का बोचकं हे तो विचारत नाही. सहा वर्षं संपा सीटवर बसलेला होता, म्हणून मला हा स्विच कधी भेटलाच नाही. आणि मेल्यावर त्याचा मान ठेवायचा म्हणून आम्ही कुणी बसलो नाही. पुस्तकातली लाल फुली डोळ्यासमोर आली. तीन महिने, कार्बोरेटर, पट्टा, बॅटरी, नारळ.

मी तिथंच गवतात बसलो. वहिनी हसायला लागल्या. संपा गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता त्यांचेही डोळे भरून आले.

मी आपला अब्रू सावरायला म्हटलं, "पण वहिनी, बाकीची दुरुस्ती मात्र मीच करत आलोय. सहा वर्षं दर रविवारी काय ना काय ढिलं व्हायचंच मशीनचं."

 वहिनींनी पदरानं टोपी झटकली, तिचा आकार नीट केला.

"भावजी, एक सांगू? शनवारी सांजंला ते सोता पाना घिऊन बसायचे. एक बोल्ट ढिला करायचे. म्हनायचे, दिन्या रिकामा कशाला यील? त्येला काम लागतंय."

आता हसा. मी थांबतो.

सहा वर्षांत त्या मशीनला एकदाही काही झालं नव्हतं. आणि मी तो बोल्ट शोधला की कपाळावरचा घाम असा पुसायचो, जणू विमान दुरुस्त केलंय. तो वरून बघायचा आणि म्हणायचा, तुज्यासारका मिस्त्री न्हाई. मला नुसतं "ये" म्हणाला असता तरी मी गेलो असतो रे. पण खरं सांगू, नसतो गेलो. गॅरेजमध्ये कामं पडलेली असायची. त्याला ते ठाऊक होतं.

वहिनींनी पदर कमरेला खोचला. "सरका," म्हणाल्या, आणि टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून सीटवर बसल्या. ब्रेक कसा सोडायचा ते मी दाखवलं. पहिली फेरी वाकडी गेली, दुसरी जरा सरळ. संध्याकाळपर्यंत सगळं गवत कापून झालं. मी व्हरांड्यात बसून बघत होतो. हिरवं.

अजून जातो मी रविवारी, पेटी घेऊन. सगळे बोल्ट घट्ट असतात. तरी एकेकाला पाना लावून बघतो, मग चहा घेतो.

आता एकच विनंती. माझ्या दहाव्याला कावळा शिवेना झाला, तर माझ्या पोरांना जमिनीची, गॅरेजची असली वचनं द्यायला लावू नका. तुमच्यातल्या कुणीतरी पुढं व्हा आणि एवढंच म्हणा, "मिस्त्री, सीटखालच्या स्विचचं आम्ही परत कुठं बोलणार नाही."

लगेच शिवेल.