आप्पांनी कंपनीची चौकशी केली

घोडेगावच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बॅग आत नेऊन ठेवली आणि कंडक्टरला सांगितलं, "पोरगी हाय माझी. इंजिनियर. कंपनीत चाललीय." आई खिडकीखाली उभी राहून "पोचली की फोन कर" एवढंच म्हणत होती. चार वेळा म्हणाली. घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली, नोकरीसाठी गाव सोडणारीही पहिलीच.

पंधरा दिवस आधी मात्र हे घडेलसं वाटत नव्हतं. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलकडून चाकणच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं होतं. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. आप्पांनी तो इंग्रजी कागद उलटसुलट केला. "मानसं कशी हायेत, ते कुठं लिव्हलंय?"

दुसऱ्या दिवशी आप्पा आणि मामा थेट चाकणला. स्थळ आलं की आमच्याकडे मुलाच्या गावी जाऊन चहाच्या टपरीवर चौकशी करतात, तशीच यांनी कंपनीच्या गेटसमोर केली. शिवाय वॉचमनला विचारलं, "मालक पितो का वो?" वॉचमनने वर कळवलं, वरच्यांनी कॉलेजला.

प्लेसमेंटच्या मॅडमनी बोलावलं. गेली नोकरी, असं वाटून मी रडायलाच लागले. मॅडम म्हणाल्या, "चूक आमची आहे. मुलांना मुलाखत शिकवतो, घरच्यांशी कधी बोलतच नाही. वडिलांना घेऊन ये."

शुक्रवारी आप्पा आले. राहायची सोय, शिफ्ट सुटल्यावर गाडी, आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेणार, सगळं विचारलं. मॅडमनी कंपनीला फोन लावून एकेक उत्तर ऐकवलं.

"मालकाचं ऱ्हायलं," आप्पा म्हणाले.

"मालक जपानला असतात, आप्पा," मी म्हणाले.

"मग बरंय. लांबचा मानूस लुडबुड करीत न्हाई. कळवा व्हय म्हनून."

आता मीच कंपनीतर्फे कॉलेजांत मुलाखती घ्यायला जाते. पालकांना आदल्या दिवशी बोलवा, म्हणून हट्ट धरते. एका कॉलेजातले सर हसले, "मुलं काय बालवाडीत आहेत?" म्हटलं, मुलं मोठी आहेत हो, पण आमच्याकडे असा निर्णय अख्खं घर घेतं. नोकरीची माहिती मराठीत एका पानावर द्या, खाली फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर लिहा, आणि बोलवायचं तर डेअरीला दूध घालून झाल्यावर बोलवा.

अशाच एका बैठकीत जामखेडकडच्या एका आईने विचारलं, "ताई, माझी पोरगी तिथं एकली पडंल का?" आज तिची पोरगी माझी रूममेट आहे. परवा तिच्या आईचा, मावशींचा फोन आला, "कुठं हायात गं दोघी?" मी सहज म्हणाले, "घरीच आहोत." चाकणच्या खोलीला मी पहिल्यांदा घर म्हटलं होतं.

आप्पा, वाईट वाटून घेऊ नका. घरं दोन झाली, एवढंच.