माझा आवाज, त्यांचा वर्ग

आत सगळा वर्ग हसत होता आणि टेपरेकॉर्डरमधून माझा आवाज येत होता.

‘सोन. सन. क्नो. नो.’

मी दारातच उभी. चपलाही काढायच्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, ‘एक बार और बजाइए न, मैडम.’ मॅडमनी कॅसेट मागे फिरवली. पुन्हा मी. पुन्हा हसू. मग मॅडम म्हणाल्या, ‘ऐसे नहीं बोलना है. दोनों का उच्चारण एक ही है.’

एकच. हे मला त्या दिवशी कळलं.

मॅडम आमच्यासारख्याच मराठी. म्हणजे आमच्यासारख्या नव्हेतच. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीतलं, भोसले घाटाजवळचं, पंडितांचं. आम्ही बाबांच्या बदलीमागे नागपूरहून आलेलो. बाबा रेल्वेचे डबे धुवायचे. तेव्हा गल्लोगल्ली इंग्रजी बोलायचे क्लास निघाले होते. मला हॉटेलात रिसेप्शनवर नोकरी हवी होती. बाबा म्हणाले, ‘आपल्या भाषेची बाई आहे, सांभाळून घेईल.’ आडनाव ऐकून मॅडम जरा थांबल्या, मग हसल्या. ते हसणं मला मायेचं वाटलं. मूर्ख मी.

त्या मला वर्गात बसवत नसत. दुपारी एकटीला बोलवत. मला त्याचा केवढा अभिमान! लिहायला वेगळ्या, बोलायला सारख्या अशा शब्दांच्या जोड्या, son-sun, know-no, पुढ्यात ठेवत, टेपरेकॉर्डरचं बटण दाबत आणि म्हणत, ‘वाच.’ आमच्या शाळेत जसं लिहिलंय तसं वाचायला शिकवलेलं. मी तसंच वाचायचे. मॅडम म्हणायच्या, ‘छान. घरी हेच पाठ कर.’ मी भांडी घासताना पाठ केलं. आईलाही शिकवलं.

त्यांना चूकच हवी होती. ती सुधारली असती तर वर्गाला काय ऐकवलं असतं?

मी आत गेले. मॅडम दचकल्या, पण लगेच मराठीत, हळूच म्हणाल्या, ‘अगं, तुझं नाव कुठं सांगितलं मी? आणि तुझ्याकडून फीस तरी घेते का?’

घेत नव्हत्या. म्हणून तर बाबा त्यांना देवमाणूस म्हणायचे.

मी हिंदीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. ‘यह मेरी आवाज़ है. अब सामने सुनिए.’ फळ्यावरची एकेक जोडी मोठ्यानं म्हणायला लागले. सन, सन. नो, नो. पुढची चुकले. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मी मॅडमकडे वळले. ‘कैसे बोलते हैं? बताइए.’

त्या कॅसेट काढायला लागल्या. मी हलले नाही. शेवटी त्यांना सांगावंच लागलं.

घरी बाबा म्हणाले, ‘जाऊ दे, मोठी माणसं आहेत.’

मी नाही जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, पहिल्या बाकावर जाऊन बसले. चुकेन तर सगळ्यांच्या तोंडावर चुकेन. आणि सुधारून घेतल्याशिवाय उठणार नाही.